ब डब्यातली पुडी

ऐक पोरी. संशोधनात नाव आलं की तुम्ही आताच्या नर्स खूश होता. माझंही आलं होतं.

लातूर जिल्हा नवा झालेला. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग ओला आणि नळ कोरडे. त्या दुष्काळात आमच्या वॉर्डात जुलाबाची लेकरं एका खाटेवर दोन-दोन पडायची. एका सकाळी मोठ्या डॉक्टरांनी बोलावून माझ्या हातात दोन डबे दिले, अ आणि ब.

"रत्नम्मा सिस्टर, या पुड्या पाण्यात कालवून पाजायच्या. खाटेवर जे अक्षर असेल त्याच डब्यातली. आत काय आहे ते विचारायचं नाही. कळलं तर अभ्यास बिघडतो."

लेकरांच्या आयांचे अंगठे कागदावर आधीच घेऊन झाले होते. कशासाठी, ते एकीलाही सांगितलं नव्हतं.

मुरुडकडच्या केवळाबाईची लेक गंगू, नुकती बोलायला धीट झालेली, ब मध्ये होती. तिचे डोळे खोल गेले. कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहायची. मी धावत गेले. "सर, सलाईन लावू द्या."

"संध्याकाळपर्यंत बघू."

गंगू संध्याकाळपर्यंत थांबली नाही.

केवळाबाई रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "बाई, माझ्या लेकीला तुमी काय पाजलं?"

मला माहीतच नव्हतं! हात माझा, चमचा माझा, आणि आत काय ते फक्त त्या माणसाला ठाऊक. डोकं भणभणत होतं रागानं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी ब डबा उघडला आणि कुणीतरी मागून पदर ओढला. वळले. कुणी नव्हतं. अ डबा उघडला, काही नाही. पुन्हा ब ला हात लावला... आणि मनगटावर बोटं आली. लहान, गार, ओलसर. बाहेर फुफाटा उडत होता, अन् माझ्याभोवती ओल्या मातीचा वास दाटला.

वॉर्ड गप्प झाला. रडणारी लेकरंसुद्धा. सगळी माझ्या कमरेजवळ टक लावून बघत होती. खिडकीखालच्या खाटेवरचा भुजंग हळूच म्हणाला,

"सिस्टर... ती न्हाई म्हणायली."

भीती वाटली. खोटं कशाला सांगू? पण राग भीतीला पुरून उरला. डबा उचलला आणि डॉक्टरांच्या टेबलावर आदळला.

"काय आहे ह्यात?"

"तुमचा संबंध नाही. पाजायचं काम करा."

"पाजते मी, मरतं लेकरू, आणि संबंध नाही?"

ते तणतणत स्वतःच वॉर्डात आले. ब ची पुडी कालवली, चमचा भुजंगच्या ओठांशी नेला. चमचा तिथंच थांबला. मनगटावर पांढरे वळ उठले, कुणी आवळून धरल्यासारखे.

"सोड..." ते पुटपुटले. "सोड म्हणतो ना..."

पेला खाली पडला. मागं न बघता ते निघून गेले.

ब च्या सगळ्या पुड्या मी नालीत ओतल्या. लेकरांना सलाईन लावलं, जलसंजीवनी पाजली. भुजंग वाचला. मला मेमो मिळाला, डॉक्टरांना रजा मिळाली.

उन्हाळा सरता सरता केवळाबाई वॉर्डाच्या दारात उभी राहिली. मी तिचा हात धरला.

"ते बंद केलं मी, बाई. लेकीला म्हणावं, आता निवांत हो."

"हाव," ती म्हणाली. मग जरा थांबून, "बाई, नांदेडला यष्टी कुठून जाती?"

"तिकडं कोण हाय तुझं?"

"कुणीबी न्हाई. गंगू इचारती सपनात. रोज येती. म्हणती, आई, मला रस्ता ठाव न्हाई..."

अंगावर काटा आला. तरी मी सांगितलं, "अहमदपूर, मग लोहा, मग नांदेड."

तिनं ते दोनदा घोकलं आणि गेली.

पुढं काही दिवसांनी आमच्या क्लार्कनं बातमी आणली. डॉक्टरांची बदली झाली होती, आणि तिथल्या लेकरांच्या वॉर्डात नवे डबे पोचले होते. कुठल्या गावी, ते मी विचारलंच नाही.