दासीचं सोंग उतरलंच नाही

थोतांड म्हणायचं तर खुशाल म्हणा. पण केशरबाई माझ्या आजोळच्या शेजारच्या, आणि ही गोष्ट मी त्यांच्याच तोंडून ऐकली आहे.

साल एकोणपन्नास. गाव राणीसावरगाव. पोलीस ॲक्शन होऊन वर्षही झालं नव्हतं. रात्री बाहेर पडायला लोक अजून धजत नव्हते, म्हणून पारावरचा सोंगांचा खेळ दिवसाच ठेवला.

खेळात राणी विष घेते. तडफडत दासीला म्हणते, "पाणी आण." दासी घागर घेऊन जाते. इकडे राणी मरते, मागोमाग राजा मरतो. खेळ संपतो.

दासीचं पुढं काय झालं, ते खेळात नाहीच.

दासी व्हायचा केशरबाईंचा नवरा, मुंजाजी.

गावाची एक रीत होती. खेळ संपला की म्हातारे व्यंकटराव प्रत्येक सोंगाला हाक मारून समोर बोलवायचे, कपाळाला अंगारा लावायचे. मगच रंग धुवायचा. ह्याला सोंग उतरवणं म्हणत. त्या वर्षी व्यंकटराव तापानं फणफणले होते. त्यांच्या जागी अंगारा लावला त्यांच्या पुतण्यानं, वैजीनाथानं. राजा झाला, राणी झाली, प्रधान झाला... दासी तर केव्हाच पडद्याआड गेलेली. गडी साफ विसरला!

मुंजाजीनं आपलं आपणच तोंड धुतलं, लुगडं सोडलं, घरी आला.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्यानं घागर उचलली.

"अवं, कुठं निघालाव? पाणी हाय की घरात."

केशरबाई विचारतच राहिल्या, तो आडाकडं चालू पडला.

आडावरून घागर भरून आणली आणि तो अंगणात उभा राहिला. आत येईना. घागर खाली ठेवीना.

आणि येताना... अनवाणी पायांत... पैंजण वाजत होते.

मग हे रोजचंच झालं. दिवसा माणूस शेतात राबायचा, हसायचा, बोलायचा. संध्याकाळ झाली की घागर, ती थेट उजाडेपर्यंत.

केशरबाईंनी व्यंकटरावांचे पाय धरले.

"मामा, आता तरी लावा अंगारा. माजा माणूस मला माघारी द्या."

त्यांनी लावला. कपाळावर टिकेचना... पाण्यासारखा ओघळून यायचा.

"रंग धुवायच्या आधी लावायचा असतो, पोरी. आता माज्या हातात काई न्हाई," म्हातारा रडकुंडीला आला.

कुणीतरी ते पाणी प्यायलं की दासी सुटेल, असं केशरबाईंच्या मनानं घेतलं. त्या संध्याकाळी त्यांनी अंगणात जाऊन ओंजळ पुढं केली.

"दासी, दे पाणी. मी पिते."

मुंजाजीनं मान वर केली. मग... बाईच्या आवाजात... हुंदका देत म्हणाला,

"बाईसाब तर गेल्या. तुमी कोन?"

आणि घागर घेऊन चालू लागला.

केशरबाई ओंजळ तशीच धरून बघत राहिल्या. वेशीपर्यंत पैंजण ऐकू आले.

मग तेही नाहीत.

गावानं आड उपसला, रान पालथं घातलं. माणूस नाही, घागर नाही, काहीच नाही.

"मेला म्हनून कळलं असतं तर रडून मोकळी झाले असते," केशरबाई म्हणायच्या. कुंकू लावायचं की पुसायचं, हे त्यांना शेवटपर्यंत कुणीच सांगू शकलं नाही. त्या लावत राहिल्या. लावताना त्यांचं बोट कपाळापाशी कसं थांबायचं, ते मी बघितलंय, आणि अजून डोळ्यांपुढून जात नाही.