वाजवण्याआधी तो बोटं चाटायचा

ही गोष्ट घडलेली आहे.

जिच्याबाबतीत घडली ती माझी मावसबहीण. भुताखेतांच्या नावानं नाक मुरडण्यात तिचा हात धरणारं आमच्यात कुणी नव्हतं. आता ती नाक मुरडत नाही. विषय निघाला की उठून आत जाते, आणि खायचं काही पुढे आलं की ताट बाजूला सारते.

अशा गोष्टीला रात्र लागते म्हणतात. इथं रात्र नाही. रविवारची दुपार होती. बाहेर लख्ख ऊन होतं. खालचा छापखाना सुट्टीमुळे बंद होता, त्यामुळे वरच्या खोलीत टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.

त्या खोलीत ती जुन्या ध्वनिफिती साफ करते. धंद्यात सगळे तिला ताई म्हणतात, इथंही तसंच म्हणू.

जुनी टेप ओल धरते. ती चिकट होते, यंत्रात अडकते. ताई तिला आधी एका छोट्या भट्टीत मंद आचेवर शेकते. मग ती एकदा कशीबशी वाजते. तेवढ्यात ती संगणकात उतरवून घ्यायची. त्यानंतर साफसफाई. गाणं सुरू होण्याआधी जी नुसती खरखर असते, तिचा एक तुकडा निवडायचा आणि संगणकाला दाखवायचा... हा कचरा. एवढा काढ. तो पूर्ण गाण्यातून तेवढाच कचरा उपसून बाजूला ठेवतो.

ताईचा आणखी एक शिरस्ता होता. काढलेला कचराही ती ऐकायची. कचऱ्याबरोबर चुकून गाणं तर गेलं नाही ना, हे पाहायला.

काम आणलं होतं एका संग्राहकानं. पोट सुटलेला, बोलघेवडा माणूस. जुनी गाणी गोळा करणं हाच त्याचा संसार. एका फार मोठ्या, फार नावाजलेल्या गिटारवादकाच्या मृत्यूनंतर एका गाण्यांच्या कंपनीला त्याच्या वादनाचा नवा संच काढायचा होता. त्याच्या स्वतःच्या ध्वनिमुद्रिका घरोघरी होत्या. पण तो दुसऱ्यांच्या गाण्यांतही वाजवून गेला होता. अचानक स्टुडिओत यायचा, कुणाच्याही गाण्यात मधला तुकडा वाजवायचा, निघून जायचा. वेष्टनावर नाव नाही. स्टुडिओवाल्यांनी त्याचं नावच पाडलं होतं, पाहुणा.

"मग तुम्हाला कसं कळलं, की हे वाजवणं त्याचंच?" ताईनं विचारलं होतं.

"अहो ताई, गिटार कुणाचीही असेल. पण हे ऐका."

त्यानं पहिली टेप लावली. गाणारी बाई कडवं संपवून थांबली. वाद्यं खाली आली. आणि मग, माइकच्या अगदी जवळ...

चप्.

चप्... चप्.

ओल्या जिभेचा आवाज. मग गिटार.

"वाजवण्याआधी बोटं चाटायचा! एकेक करून, सगळी. सवयच होती," संग्राहक खूश होऊन म्हणाला. "ही त्याची सही समजा."

"शी! सही कसली? कंपनी म्हणते, स्वच्छ हवंय."

"काढा मग. मला काय. पण गंमत जाईल हो."

ताईला काम नकोसं वाटत होतं, तरी तिनं घेतलं. कारण त्या खोक्यात एक टेप तिच्या वडिलांची होती.

तिचे बाबा कधीकाळी गायचे. एकच गाणं मुद्रित झालं, ते बाजारात कधी आलं नाही. त्यानंतर ते गायलेच नाहीत. ताईचा जन्म त्यानंतरचा. बाबांचा रागावतानाचा आवाज तिला ठाऊक होता, घोरतानाचा ठाऊक होता, गातानाचा नाही. ते जाऊन वर्ष उलटलं होतं. आणि आईचे कान चालले होते. दारावरची घंटी, किल्ल्यांची किणकिण, असे बारीक आवाज केव्हाच गेले होते. जाड आवाज तेवढे उरले होते. डॉक्टर म्हणाले होते, तेही फार दिवस टिकायचे नाहीत.

"तेवढं एकदा ऐकव गं," आई रोज म्हणायची. "मग काय व्हायचंय ते होऊ दे कानांचं."

तर तो रविवार.

ताई सकाळपासून एकेक टेप करत होती. हेडफोन लावून बसलं की आवाज कानात नाही, डोक्याच्या आत होतो. प्रत्येक गाण्यात तेच. गाणारा थांबतो... आणि कुणीतरी तिच्या कानाला तोंड लावून चाटतं. लाळ ओढल्याचा आवाज. दातांत अडकलेलं जिभेनं काढल्याचा आवाज. मग गिटार, आणि ती इतकी सुंदर, की ताईला स्वतःचाच राग यायचा.

तिनं तोच चाटण्याचा तुकडा निवडला. संगणकाला दाखवला. हा कचरा.

तो निघाला. गिटार काचेसारखी स्वच्छ झाली.

"झकास!" संग्राहक म्हणाला. तो खिडकीशी टेपांवरची धूळ पुसत होता. "ही माणसं मात्र नंतर कुठं गेली कोण जाणे. ही बाई, तो बासरीवाला... पाहुणा वाजवून गेला आणि ह्यांचं ते शेवटचंच गाणं ठरलं. सगळ्यांचंच. म्हणून तर ही गाणी कुणाच्या लक्षात नाहीत."

"सगळ्यांचंच?"

"सगळ्यांचंच. नशीब, दुसरं काय."

ताईनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. कान पुसला. बोट ओलं झालं.

घाम असेल, असं तिला वाटलं. तिनं बोट नाकाशी नेलं.

घाम नव्हता. न धुतलेल्या तोंडाचा वास होता तो. रात्रभर मिटून राहिलेल्या, म्हाताऱ्या तोंडाचा.

ती उठली आणि साबणानं कान धुऊन आली. मोरीत जाऊन यायला लागतो तेवढाच वेळ. परत आली तर टेबलावर तिचा डबा उघडा होता. आईनं दिलेलं उकडलेलं अंडं, ब्रेड, थोडी भाजी... काहीच नव्हतं.

डबा चकचकीत होता. कडेपासून तळापर्यंत जिभेचे ओले पट्टे. मधोमध थुंकीचा एक बुडबुडा, अजून न फुटलेला.

"काका, भूक लागली होती तर सांगायचं होतं!"

संग्राहक वळला. डब्याकडे पाहून त्याचं तोंड वाकडं झालं. "मी? मी काय भांडी चाटत फिरतो का? मी इथून हललोय तरी का? वय काय माझं, आणि बोलता काय!"

तो पिशवी उचलून रागारागानं निघून गेला. जिना उतरताना त्याचं पुटपुटणं ऐकू येत होतं. मग खालचं दार आपटलं.

खोलीत ताई एकटी. आणि बाबांची टेप.

दुसरं कुणी असतं तर तिथंच उठलं असतं. पण टेप सकाळीच शेकून झाली होती, आणखी वेळ गेला की ती पुन्हा चिकटणार. दुसऱ्यांदा शेकण्याइतका जीव तिच्यात नव्हता. आत्ता, नाहीतर कधीच नाही.

तिनं टेप लावली.

बाबा गायला लागले.

ती मला म्हणाली, "कसं सांगू? आपल्याच घरात एक खोली निघावी, आणि ती आपल्याला इतकी वर्षं कुणी दाखवलीच नसावी, तसं झालं." मोकळा, तरुण आवाज. ती रडत होती आणि हसत होती.

कडवं संपलं.

चप्... चप्... चप्...

या वेळी तो थांबेना. गिटार सुरू झाली तरी मागे चाटणं चालूच. बाबांनी दुसरं कडवं उचललं, तर तेही त्यात बुडत चाललं.

टेप संपली. यंत्रावर तपकिरी राडा साचला होता. जुन्या टेपांचा थोडा राडा पडतोच. पण हा ओला होता. तारेसारखा लोंबत होता. आणि पुन्हा तोच वास. टेप आरपार दिसायला लागली होती, तिच्यावर काहीच उरलं नव्हतं. पण गाणं संगणकात उतरलं होतं, त्यामुळे ताईला धीर होता.

तिनं नेहमीप्रमाणे प्रत काढली. नेहमीप्रमाणे चाटण्याचा तुकडा निवडला. हा कचरा, काढ.

साफ झालेलं गाणं लावलं.

गिटार होती. स्वच्छ, अप्रतिम.

बाबा नव्हते.

एक अक्षर नाही, एक श्वास नाही. तिनं मूळ फाइल उघडली. तिला तर हातही लावला नव्हता... तिथंही फक्त गिटार.

तेव्हा तिनं काढलेला कचरा लावला.

बाबा तिथं होते. सगळं गाणं तिथं होतं. आणि त्यांच्याभोवती, त्यांच्यावर, अक्षराअक्षरावर ती जीभ फिरत होती. संगणकाची चूक नव्हती. ह्या दोन गोष्टी त्याला वेगळ्या करता येत नव्हत्या. तोंडात घेतलेला घास आणि तोंड वेगळं कसं करणार?

ताई मोरीपर्यंत पोचली नाही. जिन्यातच ओकली.

संध्याकाळी घरी गेल्यावर तिनं आईला सगळं सांगितलं नाही. पाहुण्याबद्दल तेवढं विचारलं, आईच्या कानाशी, मोठ्यानं.

आईनं हातातल्या फडक्याची घडी घातली.

"मी होते ना तिथं. डबा घेऊन गेले होते. हे अर्धं जेवून गायला उठले. तो मेला आला कुठूनसा. एवढा मोठा माणूस, सगळे उभेच राहिले. त्यानं विचारलंसुद्धा नाही. ह्यांच्या उष्ट्या डब्यात बोटं घातली. चाटली. आणि त्याच बोटांनी वाजवायला लागला."

"कसं वाजवलं?"

"काय सांगू. डोळ्यांतून पाणी येत होतं माझ्या, आणि त्याच वेळी ओकारी येत होती." आईनं फडकं खाली ठेवलं. "रात्री हे म्हणाले, मीठ विसरलीस का? मी म्हटलं, नाही हो. तेव्हापासून मरेपर्यंत ह्यांना कशाची चव लागली नाही. आणि गाणं... म्हणायचे, तोंडापर्यंत येतं गं, पण त्यालाही चव नाही."

मग तिनं ताईचा हात धरला. "आणलंस का? आहे का आवाज?"

ताईला नाही म्हणता आलं नाही.

तिनं आईच्या कानांवर हेडफोन बसवला आणि तो कचरा लावला. स्वतः दोन्ही हात तोंडावर दाबून बसली.

आईचा चेहरा उजळला. ती मान डोलवायला लागली. मधेच म्हणाली, "इथं श्वास घेतील बघ..." आणि हसली.

चाटण्याचा आवाज बारीक असतो. आईला तो ऐकू येतच नव्हता. तिला फक्त बाबा ऐकू येत होते.

ताईला वाटलं, सुटले.

दुसऱ्या दिवशी आईनं पुन्हा मागितलं. तिसऱ्या दिवशीही. आधी ताईच्या लक्षात आलं नाही. मग आलं. शेवटची ओळ नव्हती. पुढच्या वेळी त्याच्या आधीची नव्हती. गाणं प्रत्येक वेळी थोडं कमी होत होतं, ताटातलं होतं तसं. प्रती काढून पाहिल्या. सगळ्या प्रतींमध्ये तेवढंच कमी.

"बास आता आई. रोज नको."

"का गं? तुझं काय जातं? लाव ना."

दरम्यान कंपनीचा संच बाजारात आला. लोक म्हणाले, इतकी स्वच्छ गिटार आजवर ऐकली नव्हती. संग्राहकानं एक प्रत पाठवून दिली, राग विसरून. ताईनं ती फोडलेली नाही.

मी मागच्या महिन्यात तिच्याकडे गेलो होतो. म्हटलं, ती फाइल डिलीट का करत नाहीस?

"डिलीट केलं तर बाबा गेले. ठेवलं तर..." तेवढ्यात आतल्या खोलीतून तिच्या आईनं, म्हणजे माझ्या मावशीनं, हाक मारली. "ताट घेऊन जा गं. हल्ली कशाला चवच लागत नाही."

ताई ताट घेऊन आली. मला दिसू नये असं धरलं होतं, पण मी पाहिलं. मावशी जेवली नव्हती. ताट मात्र लख्ख होतं.

मावशीनं हेडफोन मागितला. ताईनं माझ्याकडे पाहिलं. मग लावला. मीही एका कानाशी वाकून ऐकलं.

बाबांचा आवाज संपला होता. एक अक्षरही उरलं नव्हतं. उरलं होतं ते फक्त...

चप्.

मावशी डोळे मिटून डोलत होती.

"आज किती जवळून गातायत," ती म्हणाली. "श्वास लागतोय कानाला."

ताईनं झटकन हेडफोन ओढून काढला. मावशीचा कान ओला होता. लाळेची एक तार कानापासून खांद्यापर्यंत लोंबत होती. ताई पदरानं ती पुसायला गेली.

मावशीनं तिचा हात धरला.

"राहू दे गं," ती म्हणाली. "अजून संपलं नाहीये."