शंभरात अडतीस

ठकूबाईनं आपला धाकटा नातू कोंबड्यांच्या डालग्याखाली झाकला आणि ती पदर सावरते न सावरते तोच दारात एक परका माणूस उभा राहिला. खाकी कोट, गुडघ्यापर्यंत चिखल, बगलेत वही.

"मी डॉक्टर सहदेव शेलार. हिवतापाची पाहणी करतोय," तो म्हणाला. "या घरात दोन ते दहा वर्षांची मुलं किती?"

"येकच हाय," ठकूबाईनं थोरल्या भिकूला पुढं ढकललं. भिकू म्हणजे हातापायांच्या काड्या आणि पोटाचा नगारा.

मी आत ठकूबाईच्या सुनेच्या बाजेपाशी होते. बाळंतपणाचा पाचवा दिवस होता तिचा. तिथून मला ओसरी स्वच्छ दिसत होती.

डॉक्टर उकिडवे बसले. पोराच्या पोटाला हात लावण्याआधी त्यांनी दोन्ही तळवे एकमेकांवर चोळून ऊन केले. मुंबईत नर्सिंग शिकताना मी दोन वर्षांत खंडीभर डॉक्टर पाहिले होते. गार हातानं पोर दचकेल याची फिकीर करणारा एकही नव्हता. डाव्या बरगडीखाली बोटं हळूच टेकवत ते म्हणाले, "पाणथरी चार बोटं वाढलीय," आणि त्यांनी वहीत खूण केली. हिवताप अंगात मुरला की पाणथरी, म्हणजे प्लीहा, अशी वाढते. तेवढ्यात डालगं वीतभर सरकलं.

"कोंबडी खुडूक झालीय वाटतं," डॉक्टर म्हणाले.

"हो," मी बाहेर येत म्हटलं, "आणि फार तापट आहे. जवळ जाऊ नका."

"चावते?"

"कोंबड्या चोच मारतात, डॉक्टर."

त्यांनी वर पाहिलं... आणि हसले. "माफ करा. मूळचा बिरवाडीचा असलो तरी वाढलो मुंबईत, गिरणीच्या चाळीत. आमची आणि कोंबडीची गाठ थेट ताटातच पडायची."

मी हसू दाबलं. खरं सांगायचं तर दाबलं गेलं नाही.

मी येसू. पोलादपूरच्या दवाखान्यातली नर्स. बाबा, म्हणजे सयाजी उतेकर, खोऱ्यातले जमीनवाले शेतकरी. लोकांची बोलणी खाऊन त्यांनी मला मुंबईला शिकायला धाडलं होतं. तेहतीस साली बावीस वर्षांची बिनलग्नाची मुलगी म्हणजे गावाच्या जिभेला फुकटचा विडा. पण आमचे बाबा कुणाच्या बोलण्यानं हलणाऱ्यांतले नव्हते.

डॉक्टरांना दवाखान्याच्या मागची खोली मिळाली होती. दिवाळीनंतरचे दिवस, भातं कापून झालेली, अंगणाअंगणात झोडणी चाललेली. ते दिवसभर वाड्या चढायचे आणि उन्हं कलली की गुळाच्या चहाला आमच्या पडवीत यायचे. कोटाला पेंढ्याची कुसळं लागलेली असायची. मी ती बघायची आणि काढायची नाही.

"एवढं कशासाठी चढता?" मी एकदा विचारलं.

"मुंबईत एक संशोधन मंडळ आहे. तीन वर्षांच्या कामाला पैसे देतं. कुठल्या पाण्यात डास होतात ते शोधायचं, ते पाणी बंद करायचं, पोरांना क्विनीन द्यायचं. पण नुसत्या अर्जावर कोण विश्वास ठेवतो? आधी थोडं काम करून दाखवा म्हणतात, मग पुष्कळ मागा."

"म्हणजे शितावरून भाताची परीक्षा."

"अगदी. हे तुमचं वाक्य मी मंडळापुढं वापरू?"

"वापरा. पण माझं म्हणून सांगा."

"तुमचं म्हणून सांगितलं तर ते विचारतील, ही कोण?"

"मग काय सांगाल?"

ते चहात बघत राहिले. "त्याचाच... विचार करतोय," म्हणाले. चहा संपून बराच वेळ झाला होता.

नोव्हेंबरच्या शेवटी ते एक पत्र फडकवत आले. त्यांनी मुंबईला आपला आकडा कळवला होता आणि मंडळाचे तीन सभासद पाच डिसेंबरला खुद्द महाडच्या डाकबंगल्यात येऊन सगळं ऐकणार होते. "शंभरातल्या एकाहत्तर मुलांची पाणथरी वाढलेली आहे, येसूबाई. एवढ्या आकड्याला कुणी नाही म्हणत नाही. तीन वर्षं... मी तीन वर्षं पोलादपुरात."

मला इतका आनंद झाला की लपवायला मी भांडी घासायला घेतली. घासलेलीच पुन्हा घासली. मग हात पुसून त्यांचा तक्ता वाचायला घेतला, आणि आनंदात विरजण पडलं.

अकरा वाड्यांत मिळून मुलं एकशे सव्वीस. ठकूबाईच्या वाडीत तर फक्त नऊ! त्या वाडीत नऊ पोरं एका चिंचेवर चढलेली मी रोज बघत होते.

आमच्याकडं पोरं मोजत नाहीत. मोजली की कमी होतात म्हणतात. आणि गुटगुटीत पोर तर परक्याच्या नजरेला पाडायचंच नाही. दारात कुणी वही घेऊन आला की आजारी पोर पुढं करायचं आणि निरोगी पोर कणगीमागं, पोटमाळ्यावर, डालग्याखाली दडवायचं. आईच्या दुधाबरोबर अंगी लागलेली गोष्ट ही. ती डॉक्टरांना सांगायला हवी हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांना दिसली होती ती बहुतेक आजारीच पोरं, आणि म्हणून एकाहत्तर.

तो दिवस मी गप्प राहिले. दुसराही. मंडळाला डालगी थोडीच दिसणार होती? बोलले नाही तर हा माणूस तीन वर्षं माझ्या पडवीत चहा पिणार होता. बोलले तर गाशा गुंडाळून मुंबईची वाट धरणार होता. इतकं सोपं होतं ते, आणि मला तो राहायला हवा होता. तिसऱ्या दिवशी मात्र ते मंडळापुढं काय बोलायचं ते मला म्हणून दाखवू लागले, आणि "मी स्वतः पाहिलेली मुलं" असं म्हणाले तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. मी सगळं सांगितलं.

त्यांनी तक्ता समोर ओढून वरपासून खालपर्यंत वाचला.

"तुम्ही पहिल्या दिवसापासून बघत होता," ते म्हणाले.

"हो."

"आणि मला म्हणालात, कोंबडी तापट आहे."

मला मान वर करवेना.

"आज तरी का सांगितलंत? सांगितलं नसतं तर काय झालं असतं?"

"तर... तुम्ही राहिला असता."

जीभ चावली, पण उशीर झाला होता. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग तक्त्याकडं, आणि पेन उचलून सबंध तक्त्यावर आडवी रेघ मारली. "आठ दिवस आहेत. पुन्हा मोजू."

"मोजायचं नाही," मी म्हटलं. "तिथंच तर चुकलं."

दुसऱ्या दिवशी मी क्विनीनचे दोन रिकामे डबे आणि पायलीभर चिंचोके घेतले. घराघरात मी पुढं, डॉक्टर अंगणाबाहेर. प्रत्येक पोराला एक चिंचोका. मी पोट तपासायचं. पाणथरी वाढलेली असेल तर पोरानं आपला चिंचोका लाल कागदाच्या डब्यात टाकायचा, नसेल तर पांढऱ्या. आकडा कुणी उच्चारायचा नाही. चिंचोक्यांचा खुळखुळाट ऐकून पोटमाळ्यावरची पोरं आपण होऊन खाली आली.

"मोजतेस व्हय गो येसू?" ठकूबाईनं संशयानं विचारलं.

"नाय गो आजे. मी कुठं मोजतेय? पोरं टाकतायत."

तिनं क्षणभर विचार केला आणि डालगं उचललं.

पोट तपासायला मला डॉक्टरांनी शिकवलं होतं, भाताच्या पोत्यावर. "पोराला लांब श्वास घ्यायला सांगायचं. बोटं दाबायची नाहीत, वाट बघायची. श्वासाबरोबर पाणथरी आपण होऊन बोटाला येऊन लागते."

"आणि नाही लागली तर?"

"तर आनंद मानायचा." ते माझी बोटं पोत्यावर नीट ठेवायला पुढं झाले... आणि हात मधेच थांबला. मग त्यांनी स्वतःची बोटं शेजारी ठेवून दाखवलं. मधे चार दाणे मावतील एवढी जागा होती. त्या चार दाण्यांएवढ्या जागेची मला दिवसभर आठवण येत राहिली.

सातव्या दिवशी दुपारी दवाखान्याच्या टेबलावर आम्ही डबे ओतले. मुलं तीनशे अकरा. वाढलेल्या पाणथरीची एकशे अठरा. शंभरात अडतीस. मी लाल डबा पुन्हा एकदा झटकून पाहिला. डॉक्टर मात्र चिंचोक्यांचे वाडीवार ढीग पुन्हा पुन्हा न्याहाळत होते, कारण प्रत्येक वाडीचे चिंचोके मी वेगळ्या पुरचुंडीत बांधून त्या त्या डब्यात ठेवले होते.

"येसूबाई, हे बघा. ओढ्याकाठच्या वाड्यांत एकशे अठ्ठेचाळीसांत सत्त्याण्णव. वरच्या माथ्यावरच्या वाड्यांत एकशे त्रेसष्टांत फक्त एकवीस. एकच माणसं, एकच भात, एकच पाऊस. फरक ओढ्याचा. पहिल्या आकड्यात हे दिसतच नव्हतं, कारण माथ्यावरची निरोगी पोरं सगळी दडलेली."

"मग पैसे मिळतील?"

"ते माहीत नाही. आधी एकाहत्तर कळवलेत. आता अडतीस म्हटल्यावर म्हणतील, याचा उद्याचा आकडा काय?"

पाच डिसेंबरला आम्ही सर्व्हिस मोटारीनं महाडला गेलो. आम्ही म्हणजे डॉक्टर, मी आणि बाबा. "जवान पोर येकली जायाची नाय," एवढंच बोलून बाबा पागोटं बांधून निघाले होते. डाकबंगल्याच्या व्हरांड्याच्या पायरीवर ते पानाचा बटवा उघडून बसले.

आत एक साहेब आणि दोन आपले डॉक्टर होते. त्यांतले पांढऱ्या मिशांचे डॉक्टर प्रश्न विचारायचे आणि साहेबाला इंग्रजीत समजावायचे. सहदेव डॉक्टरांनी आधीच सांगून टाकलं, "मी कळवलेला आकडा चुकीचा होता," आणि मग चूक कशी झाली तेही सांगितलं. काही लपवलं नाही. फक्त मी पहिल्या दिवसापासून बघत होते, तेवढं गाळलं.

ते मी सांगितलं. उभी राहून म्हटलं, "डालग्याखालचं पोर मी पाहिलं होतं आणि बोलले नाही. यांची चूक अर्धी, अर्धी माझी."

पांढऱ्या मिशांनी ते साहेबाला सांगितलं. साहेबानं डालगं म्हणजे काय ते दोनदा विचारलं. मग आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं.

आम्ही व्हरांड्यात उभे राहिलो. खाली सावित्रीच्या पाण्यावर ऊन पडलं होतं. एकमेकांकडं बघायची सोय नव्हती, बाबा दोन हातांवर होते. अर्ध्या तासानं पांढऱ्या मिशांचे डॉक्टर बाहेर आले.

"तीन वर्षं नाही," ते म्हणाले. "एक वर्ष देतो. ओढ्याचा मुद्दा पटला. वर्षभरानं पुन्हा बघू. मात्र अट आहे. तुमच्या अर्जात घरात शिरू शकेल अशी बाई सहायक म्हणून नसेल तर सगळं फुकट. सुधारलेला अर्ज, सहायकाच्या पूर्ण नावासकट, दहा जानेवारीपर्यंत मुंबईला." आणि माझ्याकडं एक नजर टाकून ते आत गेले.

डॉक्टरांनी कागद कठड्यावर ठेवला, पेन काढलं. "येसू," त्यांनी लिहिलं. त्यापुढं थोडी जागा सोडून थांबले.

"पुढं वडिलांचं नाव," मी म्हटलं. "सयाजी. विसरलात?"

"नाही विसरलो." त्यांचे कान लाल झाले होते. "पण दहा जानेवारीपर्यंत मधलं नाव... बदललेलं असलं तर? आता अर्जात खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय मी."

बाबांनी पानाला चुना लावायचं थांबवलं.

"डाक्टर," ते म्हणाले, "देवक कंचं तुमचं?"

"कळंब." डॉक्टर लगेच म्हणाले.

"आमचं पानकणीस. जमतंय."

मी डॉक्टरांकडं बघतच राहिले. कोंबडी चावते का विचारणाऱ्या माणसाला स्वतःचं देवक ठाऊक? "तुम्हाला कसं माहीत?"

"आईला पत्र घालून विचारलं."

"कधी?"

"तुम्ही तक्ता खोटा म्हणालात ना... त्याच दिवशी. पैसे मिळणार नाहीत असंच धरून चाललो होतो. म्हटलं, मंडळ नाही म्हणालं तरी एक गोष्ट पोलादपुरात मागायची आहेच. मला जायला लागेल हे ठाऊक असून जी खरं बोलली, तिला सोडून मी जाणार कुठं?"

सरळ बोलला हा माणूस, माझ्या बापासमोर, दिवसाढवळ्या. मला रडू आलं आणि ते मी आवरलंही नाही.

बाबा बोटांवर दिवस मोजत होते. पोरं मोजत नाहीत, दिवस मोजले तर चालतात. "कागुद धा जानेवारीला. तवा पौष. पौषात लगीन नाय. म्हंजे बारा दिसांत उरकाया पायजे." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुझं काय म्हननं गो?"

बावीस वर्षांत मला हे विचारणारा एकच माणूस होता, आणि तो आजही तोच होता. मी पदरानं डोळे पुसले.

"कागदावर खोटं नको, बाबा," मी म्हटलं. "बारा दिवसांत उरका."

डॉक्टरांनी पेन माझ्यापुढं धरलं. "मग सांगा, मधे काय लिहू?"

आता ते नाव मी तोंडानं कसं घेणार होते? मी त्यांच्या हातातून पेन घेऊन टोपण लावलं आणि कागदाची घडी करून त्यांच्या कोटाच्या खिशात ठेवली. ठेवताना कोटावरचं एक कुसळ काढून टाकलं.

"तेरा दिवस थांबा," मी म्हटलं. "मी स्वतः लिहीन."