आठचा आवाज

"बाई, जरा वर येता का? माझ्या हातून बहुतेक खून झालाय."

फोनवर सर होते, वरच्या मजल्यावरचे. आवाज मात्र अगदी सपाट, दूध संपलंय एवढंच सांगावं तसा. फौजदारबाईंनी चहाचा कप होता तिथेच ठेवला, हाताला लागल्या त्या चपला पायात सरकवल्या आणि जिना चढायला लागल्या. पोलिसांच्या सायबर शाखेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. गुडघे कुरकुरत होते. पण खून म्हटल्यावर गुडघ्यांचं कोण ऐकतंय?

दार उघडंच होतं. आत रक्त नव्हतं, झटापट नव्हती. सरांच्या धाकट्या मुलाच्या खोलीत टेबलावर कॉम्प्युटर होता आणि त्याचा पडदा काळाठिक्कर पडला होता. समोरच्या खुर्चीत सरांची बायको, म्हणजे वहिनी, मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. सर दारात उभे होते आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत होते.

माणूस मेला नव्हता खरा, पण सर म्हणत होते ते काही फार खोटं नव्हतं.

त्या कॉम्प्युटरची गोष्ट अख्ख्या इमारतीला ठाऊक होती. या घरचा धाकटा मुलगा कॉम्प्युटरच्या सुरक्षेचं काम करायचा. नोकरी रात्रपाळीची. वहिनींचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी रोज सकाळी आठला घ्यायची एक गोळी लावून दिली. वहिनी विसरायच्या आणि धाकटा आठला ढाराढूर झोपलेला असायचा. मग त्याने एका सुट्टीच्या दिवशी खोलीचं दार लावून घेतलं आणि ढीगभर वाक्यं स्वतःच्या आवाजात भरून ठेवली. रोज आठ वाजले की कॉम्प्युटर त्यातलं एक बोलायचा, आणि तेच वाक्य पुन्हा कधी नाही.

"आई, गोळी. आत्ता. 'घेते रे' नाही, आत्ता!"

"आई, मी डॉक्टरांना तुझं नाव सांगणार आहे."

"बाबा, दिवे कसले विझवताय? बायको गोळी चुकवतेय तुमची!"

मग एका संध्याकाळी तो मोटरसायकलवरून कामाला निघाला आणि रस्त्यातच संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी घरभर माणसं होती. आठ वाजले आणि बंद खोलीतून त्याचा खणखणीत आवाज आला, "आई, उठलीस की नाही?" त्या क्षणी तिथे असलेल्यांपैकी कुणीही ते विसरलेलं नाही. बाई तिथे होत्या.

तेव्हापासून तो कॉम्प्युटर बंद झाला नव्हता. त्याचा पासवर्ड फक्त त्याला माहीत. लोक पासवर्ड कागदावर लिहून चिकटवतात याचा त्याला भयंकर संताप यायचा, त्यामुळे कागद शोधण्यात अर्थच नव्हता. त्याच्या ऑफिसातले दोघं येऊन बघून गेले आणि त्यांनी हात टेकले. "याने असा बंदोबस्त करून ठेवलाय, की एकदा बंद झाला की कायमचा बंद. चालू आहे तोवर बोलेल." थोरल्या बहिणीने काही वाक्यं फोनवर उतरवून घेतली होती. पण ती ऐकलेली. वहिनींचा जीव अडकला होता तो न ऐकलेल्या वाक्यात. पोरगा गेला तरी त्याचं उद्याचं बोलणं अजून यायचं होतं.

आणि हे सगळं कुणाच्या घरात, तर सरांच्या! आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलेला माणूस. चार्जर नुसता लावून ठेवला तरी वीज पितो, टीव्ही झोपल्यासारखा दिसतो पण झोपत नाही, असली व्याख्यानं जिन्यात थांबवून देणारा. खोलीतून बाहेर पडला की हात आपोआप भिंतीवर. इमारतीतली पोरं त्यांना मागून 'मेनस्विच' म्हणायची, आणि ते नाव धाकट्यानेच ठेवलेलं. त्या मेनस्विचने हे एक यंत्र रात्रंदिवस जळू दिलं होतं. बिलाबद्दल चकार शब्द नाही.

"आता नीट सांगा सर, काय झालं?"

"सकाळी सातनंतर मी फिरायला जातो. मुद्दामच जातो. आठ वाजता मला घरात थांबवत नाही, बाई. परत आलो की हिला विचारतो, आज काय म्हणाला. ही सांगते. तेवढं मला झेपतं." सरांनी खिडकीकडे बोट दाखवलं. "आज निघताना या खोलीची खिडकी लावायला आलो होतो. दिवा, पंखा बंद केला असणार, मी करतोच. पुढचं आठवत नाही. नऊनंतर परत आलो तर ही अशी बसलेली. म्हणाली, बंद पडलाय."

"वहिनी, आठला आवाज आला का?"

वहिनींनी मान हलवली. "नाही आला."

"गोळी घेतलीत?"

"तो बोललाच नाही, तर कशी घेणार?"

हेही सगळ्यांना माहीत होतं. धाकटा बोलल्याशिवाय वहिनी गोळीला हात लावत नसत. थोरलीने किती वेळा डोकं आपटलं होतं त्यावरून.

थोरली एव्हाना धापा टाकत आलीच. ती दोन गल्ल्या सोडून राहायची, सरांनी तिलाही फोन केला होता. तिने आधी आईकडे पाहिलं, मग कॉम्प्युटरकडे आणि तोंडावर हात ठेवला.

"मावशी, अपडेट झाला असेल. हल्ली सगळं आपोआप बंद-चालू होतं."

"याला इंटरनेट होतं?"

"नाही. तो लावूच द्यायचा नाही याला."

"मग अपडेट काय हवेतून येणार? आणि झाला असता तरी पुन्हा चालू होऊन पासवर्ड मागत बसला असता. हा तर पूर्ण बंद आहे." बाईंना असल्या यंत्रांचं कौतुक नव्हतंच. फ्रीजला इंटरनेट, दिव्याला इंटरनेट, उद्या केराच्या डब्यालाही लावतील, असं त्या म्हणायच्या. "तुझ्याकडे घराची किल्ली आहे ना गं?"

"आहे." थोरली ताठ झाली. "म्हणजे मी केलं म्हणता?"

"विचारतेय."

"मनात आलं होतं. खोटं कशाला बोलू? आई आठ वाजेपर्यंत श्वास धरून बसते आणि मग दिवसभर उद्याच्या आठची वाट बघते. याला काय जगणं म्हणायचं? कितीदा वाटलं, बंद करून टाकावा. पण हात धजला नाही. एकदा धूळ पुसताना चुकून त्याचं बटण दाबलं गेलं, तर माझं धाबं दणाणलं होतं. काही झालं नाही म्हणून वाचले."

"काहीच झालं नाही?"

"काहीच नाही. नुसतं दाबून तो बंद होत नाही, अशी सोय करून ठेवली होती त्याने. बाबांच्या भीतीने."

सर कसंनुसं हसले.

बाई खाली वाकल्या. टेबलाखालच्या यूपीएसचा हिरवा दिवा जळत होता. कॉम्प्युटरचं भिंतीवरचं बटण चालू होतं आणि त्यावर सरांनीच लावलेली लाल चिकटपट्टी जशीच्या तशी होती. कडांना धूळ बसलेली. ती कुणी उचकटली नव्हती. स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हवरचं घड्याळ बरोबर वेळ दाखवत होतं, म्हणजे वीजही गेली नव्हती.

त्याच घड्याळाशेजारी गोळ्यांची डबी होती. सात वारांचे सात खण, सगळे रिकामे.

"सर, ही डबी कोण भरतं?"

"मी. रविवारी. या वेळी आजच्यापुरत्याच निघाल्या, पाकीट संपलं. नवीन आणू का विचारलं हिला, तर म्हणाली, बघू."

"आजची भरली होतीत?"

"हो. का?"

बाईंनी डबी बंद केली. शाखेत असताना उत्तर सापडलं की त्यांना बरं वाटायचं, आज नाही वाटलं. त्यांनी धाकट्याच्या खोलीत जाऊन खिडकी उघडली, दिवा आणि पंखा लावला.

"सर, एक करा. धाकट्याच्या खोलीत जा, खिडकी लावा आणि बाहेर या. रोजच्यासारखं."

सर आत गेले, खिडकी लावली, बाहेर आले.

"आत्ता काय केलंत?"

"खिडकी लावली."

"आणि?"

"आणि काही नाही."

"दिवा आणि पंखा बंद केलात."

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. "बघितलंत? मला कळलंसुद्धा नाही! मीच केलं, बाई. माझ्या पोराला मी..." थोरलीने त्यांना धरून पलंगावर बसवलं.

"थांबा," बाई म्हणाल्या. "अर्धंच बघताय तुम्ही. तीन बटणं आहेत त्या भिंतीवर, ओळीने. दिवा, मग लाल पट्टीचं, मग पंखा. तुमचा हात दिव्यावरून उठला, मधलं ओलांडून पुढे गेला आणि पंख्यावर पडला. तुम्हाला कळलं नाही, पण हाताला कळत होतं. इतके महिने तो तसाच ओलांडतोय. हे तुमच्या हाताचं काम नव्हे."

सरांनी वळून त्या तीन बटणांकडे पाहिलं.

"दुसरं. सवयीचा हात भिंतीवर जातो. इथे भिंतीवरचं काहीच बंद झालेलं नाही, यूपीएसही चालू आहे. बंद झालाय तो फक्त कॉम्प्युटर, त्याच्या स्वतःच्या बटणावरून. ते नुसतं दाबून भागत नाही, आताच ही म्हणाली. दाबून धरून ठेवावं लागतं, पडदा काळा होईपर्यंत. एवढा वेळ बोट चुकून राहत नाही, सर. ज्याने केलं, त्याने जाणून केलं."

"कोणी?" थोरलीने विचारलं, आणि विचारतानाच तिचा आवाज बसला.

बाई वहिनींसमोर जमिनीवर बसल्या. गुडघे कळवळले, तरी बसल्या.

"वहिनी, आजची गोळी सरांनी भरली होती. आता खण रिकामा आहे. तो बोलल्याशिवाय तुम्ही गोळी घेत नाही. म्हणजे आठ वाजता तो बोलला. म्हणजे सर बाहेर पडले तेव्हा कॉम्प्युटर चालू होता. आठनंतर सर परत येईपर्यंत घरात तुम्ही एकट्याच होतात."

वहिनी आपल्या हातांकडे बघत राहिल्या.

"आणि डबीत उद्याची गोळी नाही. कोर्स किती दिवसांचा होता, वहिनी?"

"वर्षाचा." इतका वेळ कोंडलेला आवाज फुटला. "आज संपला. डॉक्टरांनी तारीख सांगितली तेव्हा तो शेजारी होता. कार्ट्याने तीही ध्यानात ठेवली."

"आई," थोरली म्हणाली, "काय म्हणाला तो?"

वहिनींनी डोळे मिटून घेतले. सांगताना त्यांनी त्याची लकब जशीच्या तशी उचलली होती, शब्द ओढून बोलायची.

"म्हणाला, 'आई, ही शेवटची. सुटलीस बाई माझ्या कटकटीतून! उद्यापासून खुशाल लोळत पड. मी काही बोलणार नाही.'"

थोरली भिंतीला टेकून मटकन खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. वहिनी रडल्या नाहीत.

"गोळी घेतली मी. त्याने सांगितलं म्हणून घेतली. मग इथे येऊन बसले. उद्या आठ वाजणार, मी इथे बसणार आणि तो चालू असून गप्प राहणार. ते मला सोसणार नव्हतं. एकदा तो न सांगता गेला, आज सांगून गेला. तिसऱ्यांदा कशाला? बटण दाबलं आणि धरून ठेवलं. पडदा काळा होईपर्यंत."

"मग मला का नाही सांगितलंस?" सरांचा आवाज चिरकला. "सकाळपासून मी इथे जळतोय, अगं! हा हात तोडून टाकावासा वाटत होता मला!"

"तुम्ही आलात आणि विचारलंत, आज काय म्हणाला? काय सांगायचं होतं मी? बंद पडलाय म्हटलं. मला वाटलं, यंत्र आहे, बिघडलं म्हणाल. तुम्ही स्वतःवरच घेतलंत. अगदी जिभेवर आलं होतं हो माझ्या. पण सांगितलं असतं तर तेही वाक्य सांगावं लागलं असतं."

सर उठले, वहिनींच्या खुर्चीपाशी गेले आणि खुर्चीच्या पाठीला टेकून उभे राहिले.

"मी केलं असतं तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "आत अजून त्याचं काहीतरी बोलायचं राहिलंय, असं तरी वाटत राहिलं असतं."

"म्हणून तर गप्प बसले," वहिनी म्हणाल्या.