ढब्बूला कोण उठवतं?

त्या सकाळी ढब्बू उठलाच नाही. मृण्मयीने बटण दाबलं, पुन्हा दाबलं. छातीवरचा दिवा लागला आणि पुढे सगळं ठप्प. तिच्या बाबांना लहानपणी याच यंत्रमानवाने सांभाळलं होतं. बाबा आता चंद्रावरच्या वसाहतीत नोकरीला होते, आणि त्यांचं सगळं बालपण ढब्बूला तोंडपाठ होतं. मृण्मयी आजोबांना बोलवायला धावली.

"आजोबा, ढब्बू मेला का हो?"

"दिवा लागतोय ना? मग धुगधुगी आहे," आजोबा म्हणाले. "सांग बरं, आपण सगळे झोपलो तर उठवणार कोण?"

"गजर."

"आणि गजरही झोपला असेल तर?"

मृण्मयी ढब्बूशेजारी मांडी घालून बसली आणि आजोबा सांगू लागले.

"यंत्र बंद असलं की त्याची सगळी अक्कल तबकडीवर (माहिती साठवायच्या चकतीवर) निजलेली असते. बटण दाबलं की एक चिमुकली चिप जागी होते. तिला एवढंच ठाऊक असतं, की बूटलोडर (यंत्राला उठवणारा छोटा प्रोग्रॅम) कुठे ठेवलाय. मग बूटलोडर तबकडी वाचतो, मोठ्या प्रणालीला जागं करतो, कारभार तिच्या हाती देतो आणि मुकाट बाजूला होतो."

ढब्बूत चालणारी 'अंगण' ही कुणीही वाचावी, कुणीही सुधारावी अशी मुक्त संगणक प्रणाली. तिचा बूटलोडर तपासून, नीट बांधून सगळ्यांना पाठवायचं काम आजोबा तरुणपणापासून हौसेने करत होते. काय दिवस होते ते! जगभरचे दोस्त एकेका ओळीवरून कडाकडा भांडायचे आणि भांडण मिटलं की एकमेकांच्या पोराबाळांची चौकशी करायचे. आता त्यांतले फार थोडे उरले होते.

आजोबांनी ढब्बूला आपल्या संगणकाशी जोडलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"घात झाला. हे माझंच काम. जुन्या तबकड्या वाचणाऱ्या ओळी मी परवाच काढून टाकल्या, आणि ढब्बूने तो नवा बूटलोडर घेतला. त्याची तबकडी तर जुनीच. वाटलं, इतक्या वर्षांत कुणाचं पत्र नाही, म्हणजे कुणी वापरत नसेल."

"पण आजोबा, ज्याचं नीट चाललंय तो कशाला पत्र लिहील?"

आजोबांनी कपाळावर हात मारला. "खरंय गं बाई. आणि वापरणारा तर माझ्याच घरात! काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

त्यांनी काढलेल्या ओळी परत घातल्या, बूटलोडर नव्याने बांधला आणि ढब्बूत उतरवला. बटण मृण्मयीने दाबलं. दिवा लागला.

"अभय, ऊठ! दप्तर भरलंस का?" ढब्बू म्हणाला.

बाबांचं नाव ऐकून आजोबांनी ढब्बूच्या खांद्यावर हात ठेवला. उत्तर मृण्मयीने दिलं, "भरलं रे."

दुरुस्त बूटलोडर सगळ्यांना पाठवताना तिने हट्टाने खाली एक ओळ घालायला लावली: 'ज्यांची यंत्रं नीट उठतात, त्यांनीही कळवा.'

"कोण लिहितंय आता!" आजोबा हसले.

संध्याकाळी पहिलं उत्तर आलं, कुठल्याशा डोंगरावरच्या हवामान केंद्रातून. 'आमचं म्हातारं यंत्र रोज सकाळी उठतं. आभार मानायचे राहूनच गेले होते.'

आजोबांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि खुर्चीतून उठून मृण्मयीला तिथे बसवलं.

"उत्तर तू लिही," ते म्हणाले. "आणि विचार, तिकडे अजून कोणकोण आहे?"