रिकाम्या खोलीचा आकडा

ती प्रयोगशाळेत पोचली तेव्हा काका लहरींची शक्ती मोजणाऱ्या स्पेक्ट्रम ॲनलायझरच्या पडद्यापुढे बसले होते. सकाळी लवकर एकटेच येऊन त्यांनी मोजणीच्या खोलीतला अँटेना लावून ठेवला होता. आईवडिलांच्या मागे पुतणीला वाढवलं त्यांनी, आणि हे मोजमापाचं कामही हाताला धरून शिकवलं. काकांशिवाय तिला जगात आपलं म्हणावं असं कोणी नव्हतं.

काम तसं साधं. पोलादी खोलीत रेडिओ लहरींचा ठरलेला गोंगाट सोडायचा, दार लावायचं आणि आत किती शक्ती उरते ते बाहेर वाचायचं. माणसाचं अंग लहरी पितं. एक माणूस आत असला की पडद्यावरची रेघ दोन डेसिबल उतरते, दुसरा गेला की आणखी खाली. म्हणून रोज आधी रिकामी खोली मोजायची, हा काकांचा शिरस्ता. रिकाम्या खोलीचा आकडा उणे चाळीस. झोपेतून उठवलं तरी ती सांगेल.

आज उणे बेचाळीस आला.

"काका, आत कोणी आहे का?"

"कोण असणार? वायर सैल असेल. थांब, बघतो."

काका आत गेले. दार लागलं. रेघ आणखी उतरायला हवी होती, पण ती जागची हलली नाही. काका बाहेर आले, तरी आकडा तोच.

'यंत्र खोटं बोलत नाही, वाचणारा चुकतो' हे काकांचं पालुपद. ऐकवून ऐकवून त्यांनी तिचे कान किटवले होते. आज मात्र त्यांनीच दोष वायरीला दिला होता.

"मी आत जाते... तुम्ही आकडा वाचा." यंत्र निदान तिला तरी मोजतं का, ते बघायचं होतं.

दार मागे लागलं आणि बाहेरचं सगळं जग बंद झालं. एकच दिवा. हवेत काकांच्या खोकल्याच्या गोळीचा वास. अँटेनाच्या पायाशी त्यांचा चष्मा पडला होता. त्याच्याशिवाय काकांना स्वतःची बोटं धड दिसत नसत. बाहेर त्यांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, हे तिला आत्ता आठवलं.

तिने वाकून चष्मा उचलला. काचेवर वाफ धरली... विरली... पुन्हा धरली. कोणीतरी अगदी जवळ श्वास घेत होतं.

"काका...?" ती कुजबुजली.

भिंतीवरचा स्पीकर खरखरला.

"उणे त्रेचाळीस पूर्णांक सहा," बाहेरून काकांचा आवाज आला, जराही न अडखळता. "यंत्र ठीक आहे, पोरी. आत दोन माणसं आहेत."

मग बाहेरून दाराची कडी लागली. तिच्या हातातल्या काचेवर वाफ भराभर धरू लागली.