आतून टक् आलं तर रंग नाही

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल त्यानं भिंगारला जावं आणि माधुरीबाईंना विचारावं. चित्रकलेच्या बाई, सावेडीच्या शाळेत शिकवतात, लुनावरून येतात-जातात. त्या खोटं बोलणाऱ्यातल्या नाहीत. खोटं ऐकून घेणाऱ्यातल्याही नाहीत, तेव्हा जरा जपून विचारा.

रात्र, अमावस्या, पिंपळ असलं यात काही नाही.

१९९७ चा एप्रिल संपत आला होता. भर दुपार. भिंगारमधलं दोन खोल्यांचं घर, वर पत्रा. बाहेर कुत्रंसुद्धा सावली धरून पडलेलं.

आधी माधुरीच्या वडिलांचं सांगायला हवं.

रंभाजी त्यांचं नाव, घरात सगळे अण्णा म्हणायचे. एका लष्करी वर्कशॉपात पेंटर होते. एकतीस वर्षं रणगाड्यांना हिरवा रंग मारला. खांद्यावर कायम जुन्या बनियनचं फडकं, टर्पेंटाईनचा वास येणारं. घरात कपाटावर धूळ दिसली तरी हात आपोआप खांद्याकडे जायचा. पुसल्याशिवाय या माणसाला चैन म्हणून नसायची.

आणि एक सवय. रंगाला हात घालण्याआधी ब्रशच्या दांडीनं एकदा ठोकायचं.

टक्.

ती त्यांच्या खात्यातली जुनी रीत होती. रणगाडा म्हणजे लोखंडाची बंद पेटी. आत कोणी मेकॅनिक वाकून काम करत असला आणि बाहेरून झाकण लावून रंग सुरू केला, तर तो बिचारा वासानं गुदमरायचा. म्हणून पेंटरनं एकदा ठोकायचं. आत कोणी असेल तर त्यानं आतून एकदा ठोकायचं. आतून टक् आलं तर ब्रश खाली. नाही आलं तर खुशाल रंग मारा.

अण्णा मे १९९६ मध्ये गेले. जायच्या आदल्या दिवशी दवाखान्यात त्यांनी माधुरीला जवळ बसवून घेतलं आणि चोवीस वर्षं पोटात ठेवलेलं सांगितलं.

बहात्तर सालच्या जानेवारीत सरहद्दीवरून एक रणगाडा वर्कशॉपात आला होता. चिखलानं माखलेला, एका अंगाला काजळी. त्याचा ड्रायव्हर लढाईत गेला होता. गोरक्षनाथ त्याचं नाव, गाव सोनई. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या साहेबांची पाहणी होती. अण्णा ड्रायव्हरच्या जागेत उतरले, तर समोरच्या पत्र्यावर खिळ्यानं काहीतरी कोरलेलं. वर 'कडू' असं नाव, आणि खाली दोन ओळी. कडू म्हणजे त्याची बायको, कडूबाई.

अण्णांनी ते वाचलं. वर आले. झाकण लावलं आणि सवयीनं ठोकलं.

आतून... टक् आलं.

त्यांनी झाकण उघडून पाहिलं. आत कोणी नव्हतं.

"मग मी रंग मारला, माधुरी," अण्णा म्हणाले. "टक् आलं होतं, तरी मारला. त्या अक्षरांवर दोन हात फिरवले."

काय लिहिलं होतं, असं माधुरीनं विचारलं. एकदा नाही, चारदा विचारलं. ते एका बाईला सांगण्यासारखं नव्हतं, एवढंच ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. दुसऱ्या दिवशी पहाटे गेले.

दरवर्षी जानेवारीत अण्णा एक दिवस एसटीनं कुठे जायचे, ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. आता कळलं. सोनईला जायचे. स्टँडवर पाणी प्यायचे आणि त्याच गाडीनं परत यायचे. कडूबाईच्या दारापर्यंत जायची हिंमत कधी झालीच नाही.

माधुरीला रडू येत होतं आणि रागही येत होता. राग जास्त होता. दुसऱ्याच्या बायकोला लिहिलेलं पुसायचा यांना काय अधिकार? तिनं ठरवलं, अण्णांना वर्ष व्हायच्या आत आपण सोनईला जायचं आणि त्या बाईला सगळं सांगायचं. आणि रिकाम्या हातानं जायचं नाही. अण्णांनी पुसला तो रणगाडा, जसा लढून आला होता तसा, तिच्यासमोर ठेवायचा.

तिचा भाऊ योगेश जहाजावर नोकरीला. त्याला पत्र लिहून तिनं सिंगापूरहून त्याच रणगाड्याच्या मॉडेलचा खोका मागवला. प्लॅस्टिकचे अडीचशे-तीनशे सुटे भाग. खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याचा, बुटाच्या खोक्यात मावेल एवढा. उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आधीच तिनं तो जोडायला घेतला. चाकं, पट्टे, तोफ. खालचा सांगाडा आणि वरचं कवच सोल्युशननं असं चिकटवलं की फट दिसू नये. वर हिरवा रंग दिला.

इथपर्यंत काहीही झालं नाही.

मग तिनं तो मळवायला घेतला. हीच तर खरी कला. नव्या कोऱ्या रणगाड्यात काय आहे? तिनं नाल्याकाठची माती आणून आईच्या चहाच्या गाळणीनं चाळली, रंगात कालवली आणि पट्ट्यांमध्ये भरली. तपकिरी रंग टर्पेंटाईनमध्ये पातळ करून सांध्यासांध्यांत सोडला, म्हणजे गंज दिसतो. कोळशाची पूड बोटानं एका अंगाला चोळली. गाळणीवरून आईच्या शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्याच.

दीडला वर्कशॉपचा भोंगा झाला. जेवणाची सुट्टी संपल्याचा. माधुरी हात धुवायला मोरीवर गेली.

आतल्या खोलीतून आवाज आला.

टक्...

टक्.

ती येऊन बघते तर रणगाडा स्वच्छ. चिखल नाही, गंज नाही, काजळी नाही. नुसता हिरवागार, पाहणीला उभा केल्यासारखा.

आणि खोलीत टर्पेंटाईनचा वास... तिच्या बाटलीचं बूच तर घट्ट लावलेलं होतं.

बाहेरच्या खोलीत आडवी झालेली तिची आई कलाबाई उठून बसली होती. तिनंही वास ओळखला होता. "आलेत," एवढंच ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले.

माधुरीनं संध्याकाळी पुन्हा माती चाळली.

दुसऱ्या दिवशी दीडच्या भोंग्यानंतर पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. ती खोलीतून जरा हलली की टक्... टक्, आणि रणगाडा पुसलेला. तिसऱ्या दिवशी टेबलावर एक फडकंही पडलेलं होतं. जुन्या बनियनचं. अण्णांचे सगळे कपडे तर वर्षापूर्वीच देऊन टाकले होते.

फडकं ओलं होतं.

एक गोष्ट माधुरीला तेव्हाच खटकली होती. अण्णा एकदाच ठोकायचे. हे दोनदा होतं. पण घरात असं चाललेलं असताना ठोके कोण मोजत बसतंय!

शेजारच्या बाईंनी अंगारा सुचवला. भिंगारातल्याच एका जाणत्याचा पत्ताही दिला. कलाबाईनं त्यांना तिथल्या तिथे गप्प केलं. छप्पन्न साली सासऱ्यांनी दीक्षा घेतली आणि घरातले सगळे गंडेदोरे बाहेर फेकले, ते परत उचलायला मी जाणार नाही, असं तिनं ठणकावलं. माधुरीचं त्याहून सरळ होतं. भूतबीत ती मानत नव्हती. हे अण्णा होते. आणि अण्णांना ती जिवंतपणी कधी घाबरली नव्हती, तर आता काय घाबरणार?

चौथ्या दिवशी पुन्हा पुसलं, तेव्हा ती रिकाम्या खोलीला म्हणाली, "पुसा. उद्या मी इथनं हलणार नाही."

पाचव्या दिवशी तिनं भोंग्याच्या आधीच दार लावून घेतलं. समोर रणगाडा, अंगभर चिखल. हातात अण्णांचाच जुना ब्रश. लाईट गेलेली, पंखा बंद. घामानं झंपर पाठीला चिकटलेला.

भोंगा झाला.

वास आला. आधी हलका... मग डोळे चुरचुरावेत इतका.

टेबलावरचं फडकं... हललं.

माधुरीच्या डोळ्यांदेखत रणगाड्याच्या एका अंगावरचा चिखल निघू लागला. तीन बोटं रुंदीचा पट्टा, समोरून मागे. सावकाश. सफाईनं. एकतीस वर्षांचा हात होता तो.

दुसरी कोणी असती तर किंचाळत बाहेर पळाली असती. हिनं ब्रश चिखलात बुडवला आणि पुसलेल्या पट्ट्यावर सरळ ओढला.

तो पुन्हा पुसला गेला. तिनं पुन्हा ओढला.

किती वेळ चाललं हे तिला सांगता येत नाही. बाप पुसतोय आणि लेक मळवतेय. तिचं मनगट भरून आलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, वासानं की रडण्यानं, देव जाणे. पण हात काही तिनं थांबवला नाही. एकदा तिच्या बोटांना काहीतरी लागलं... खरखरीत, कोमट. अण्णांच्या बोटांना रंगानं भेगा पडलेल्या असायच्या.

"अण्णा, हात काढा," ती म्हणाली.

हात निघाला नाही.

मग तिला ती रीत आठवली. तिनं ब्रश उलटा धरला आणि दांडीनं रणगाड्यावर ठोकलं. एकदाच.

टक्.

सगळं थांबलं. बाहेरचा कावळासुद्धा.

आणि आतून...

टक्.

तो आवाज प्लॅस्टिकचा नव्हता. जाड लोखंडाचा होता, खोल, टेबल थरथरवणारा. बुटाच्या खोक्यात मावणाऱ्या खेळण्यातून असा आवाज येत नाही.

"ऐकलंत?" माधुरी म्हणाली. "आतून टक् आलं तर रंग नाही. रीत तुमचीच आहे ना? या वेळी पाळा."

फडकं टेबलावरून घसरून खाली पडलं. वास हळूहळू ओसरला.

तिनं ब्लेड घेतलं आणि सोल्युशननं चिकटवलेलं वरचं कवच कडेकडेनं उचकटलं. तिनं स्वतः जोडलेलं, हवाही जाणार नाही असं. ते उलटं करून खिडकीशी धरलं.

ड्रायव्हरच्या जागेसमोर, आतल्या बाजूनं, सुईच्या टोकानं कोरावीत एवढी बारीक अक्षरं होती. भिंग घेऊन तिनं ती वाचली. मग खाली फरशीवर बसली.

चार मेला, अण्णांच्या वर्षश्राद्धाला... म्हणजे त्यांच्यात पुण्यानुमोदन म्हणतात, त्याला दोन दिवस असताना ती सोनईला गेली.

कडूबाई पिठाची गिरणी चालवत होती. स्वतःची. पन्नाशीला आलेली बाई, केसांवर, भुवयांवर पीठ. माधुरीनं आपण कोण ते सांगितलं. बाप काय करून बसला आणि आता घरात कसा ठोकत असतो तेही सांगितलं, काही न लपवता. मग खोका उघडला. चिखलानं माखलेला रणगाडा, त्याचं सुटं केलेलं कवच उलटं ठेवलेलं, आणि शेजारी भिंग.

कडूबाईनं गिरणीचा पट्टा उतरवला. घरघर थांबली. तिनं हात पुसले, भिंग डोळ्याला लावलं आणि ओठ हलवत वाचलं.

"कडू, मी न्हाई आलो तर दुसरं घर कर. माझ्यासाठी बसून राहू नको."

तिनं भिंग जरा जवळ नेऊन पुन्हा पाहिलं. मग अक्षर त्याचंच असल्याचं म्हणाली. 'क'ची शेपटी तो अशीच वर वळवायचा, त्याची पत्रं तिच्या पेटीत होती.

माधुरीनं तिचे पाय धरले. अण्णांना माफ करा, मावशी, असं म्हणाली.

कडूबाईनं तिला उठवलं. जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. पण बोलली ती वेगळंच.

"चौऱ्याहत्तरला एक जन आला हुता मला मागायला. चांगला हुता. मला बी मनातून पसंत हुता." तिनं भिंग खाली ठेवलं. "मी न्हाई म्हनले. का, तर ह्याला काय वाटंल. पोरी, तुझ्यावर माझा राग न्हाई. पन तुझ्या बापाला मी माफ करनार न्हाई. ठोकत बसू दे त्याला."

माधुरीनं मान हलवली. तिलाही वाटलं, या बाईचं बरोबर आहे.

रणगाडा कडूबाईकडेच राहिला, गिरणीतल्या फळीवर. त्याच्यावर आता पिठाचा थर आहे आणि तो कोणी पुसत नाही. तिकडे कसलाही आवाज येत नाही, माधुरीनं दोनदा जाऊन विचारलंय.

भिंगारच्या घरात मात्र येतो.

दोन वर्षं झाली. दीडचा भोंगा होतो, कलाबाई बाहेर आडवी झालेली असते. आतल्या रिकाम्या टेबलावर...

टक्.

एकदाच. मग काही नाही. माधुरी पेपर तपासत असली तर पेन थांबवते. तो आवाज आता उत्तरासाठी थांबलेला असतो, हे तिला कळतं. एकदा ठोकून उत्तर द्यावं, बापाला सोडवावं, असं कितीदा मनात येतं. हात टेबलापर्यंत जातोही.

ती ठोकत नाही. ते उत्तर द्यायचा हक्क तिचा नाही.

ती फक्त म्हणते, "सोनईला जा, अण्णा. या वेळी स्टँडवरून परत येऊ नका." आणि पेपर तपासायला घेते.